जीटी४० मोटरवेवर थंड, सिग्नलला उकळते: पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "मोटरवेवर काटा ८०वर शांत असतो. गावात शिरलो, तीन सिग्नल लागले, की १०५च्या पुढे. रेडिएटर नवा टाकला, पंखा नवा टाकला, महिनाभर बरी चालली आणि परत पहिले पाढे पंचावन्न."

गाडी फोर्ड जीटी४०, मार्क वन, म्हणजे या रेसच्या गाडीची पहिली आवृत्ती. कधी १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या स्लाउच्या कारखान्यातून निघालेली अस्सल, कधी नंतर कुणी मापात माप ठेवून बांधलेली प्रत. दोघींचं दुखणं सारखंच असतं, कारण मांडणी सारखी आहे. मी मूळचा कोल्हापूरचा, काम शिकलो शिवाजी उद्यमनगरात, आता इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये जुन्या एन्ड्युरन्स रेसच्या गाड्या रस्त्यावर चालण्याजोग्या करतो. पुण्याहून, नाशिकहून या धंद्यात येणारी मुलं मला हाच प्रश्न सगळ्यांत जास्त विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. जीटी४० कधी हाताखाली येणार नसली, तरी रेससाठी बांधलेली कुठलीही जुनी गाडी रहदारीत आणायची असेल, तर बराचसा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

ही गाडी उभं राहण्यासाठी बांधलेलीच नाही

जीटी४० मधला ४० हा आकडा उंचीचा: साधारण ४० इंच. एवढ्या बुटक्या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि रेडिएटर पार नाकात. पाणी मागून पुढे आणि पुढून मागे लांबलचक पाईपांतून फिरतं. त्याच नाकात स्पेअर चाकही कोंबलेलं आहे, आणि रेडिएटरमधून निघालेली गरम हवा बॉनेटवरच्या दोन तोंडांतून वर जाते. ताशी १५० किलोमीटरला ही रचना सुरेख चालते. वेग शून्य झाला, की तिच्यात वारा घालायला कुणी उरत नाही.

या गाड्यांनी ल माँची २४ तासांची शर्यत १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं जिंकली. १९६६ला मार्क टू आणि १९६७ला मार्क फोर ७ लिटर इंजिनांवर, आणि पुढची दोन वर्षं १०७५ क्रमांकाची एकच चासी, छोट्या व्ही८वर. तेव्हा ल माँच्या ट्रॅकवरच्या मुल्सान नावाच्या सरळ रस्त्यावर मध्ये वळणं घातलेली नव्हती (ती १९९०मध्ये आली), त्यामुळे जवळपास ६ किलोमीटर गाडी पूर्ण थ्रॉटलवर पळायची. मार्क वनचं ४.७ लिटरचं इंजिन मिनिटाला ७००० फेऱ्यांच्या आसपास सुमारे ३८० अश्वशक्ती द्यायचं. वॉटर पंपाची पुली, डिस्ट्रिब्यूटरचा अॅडव्हान्स (ठिणगी किती लवकर पाडायची ते), कार्ब्युरेटरचे जेट, सगळं त्या ६ किलोमीटरसाठी निवडलेलं. ९०० फेऱ्यांवर दहा मिनिटं उभं राहणं त्या हिशेबात कुठेच नव्हतं.

रस्ता या गाडीला अगदीच परका आहे असंही नाही. मार्क वनच्या काही गाड्या रस्त्याच्या सजावटीत स्लाउहून बाहेर पडल्या, आणि फोर्डने मार्क थ्री नावाची खास रस्त्याची आवृत्ती काढली होती, फक्त ७ गाड्या. तेव्हा "रेसची गाडी आहे, तापणारच" हे उत्तर मला मान्य नाही. नीट लावलेली जीटी४० जुलैच्या दुपारी रांगेत उभी राहू शकते. मी राहिलेली पाहिली आहे.

आधी ठरवा, खरंच तापते का?

निम्म्या वेळा मालक "तापून बंद पडली" म्हणतो तेव्हा पाणी उकळलेलंच नसतं, पेट्रोल उकळलेलं असतं. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात पद्मिनीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. जीटी४०चा एक्झॉस्ट म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या आठ नळ्या, गिअरबॉक्सच्या वर, मागच्या झाकणाखाली. गाडी थांबली की तिथली सगळी धग कार्ब्युरेटरकडे आणि पेट्रोलच्या नळ्यांकडे येते. इंजिन मिस मारतं, आचके देतं, मरतं, दहा मिनिटांनी काही झालंच नाही असं सुरू होतं. तेव्हा काटा ९५च्या खाली असेल तर पाण्याच्या मागे लागू नका. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबून फिरवा, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी आहे का ते बघा.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने हा त्रास वाढतो, मिश्रणही थोडं पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं, आणि जुनं रबर खराब होतं. या गाडीच्या पेट्रोलच्या टाक्या दरवाज्याखालच्या दोन्ही पेट्यांत रबरी पिशव्यांच्या असतात, म्हणजे हा मामुली विषय नाही. मी मालकांना कमी इथेनॉलचं सुपर पेट्रोलच घ्यायला लावतो.

दुसरी खात्री हेड गॅसकेटची, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगची. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी कोमट व्हायच्या आधीच वरचा होज दगडासारखा घट्ट झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. हेडर टाकीच्या (मागची, पाणी भरायची टाकी) तोंडाशी निळ्या द्रावाची नळी धरून तपासा; जळका वायू लागला की या द्रावाचा रंग बदलतो. निळा पिवळा झाला की हेड उतरवायचं, पुढचं काही वाचू नका. या कसोटीला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती न करता लोक महागडे रेडिएटर घेतात याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरी खात्री काट्याची. पाण्याचा सेन्सर हवेच्या खिशात उघडा पडला असेल तर आकडा खोटा येतो, तोही बहुधा कमीच. म्हणजे काटा ९० दाखवत असतो आणि हेडमध्ये पाणी उकळत असतं.

दोन होजमधला फरक

आता खरी तपासणी. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री इंजिन तापलं की पाना उचलायच्या आधी दोन्ही होजवर हात ठेवायचे. "पाणी कुठनं तापून येतंय आन् किती थंड हून जातंय, ते आधी बघ पोरा. मग खोल." आज हातात इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, पण करायचं तेच.

रेडिएटरला जाणाऱ्या आणि रेडिएटरमधून निघणाऱ्या नळीवर, अगदी रेडिएटरलगत, काळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे थर्मामीटर साफ चुकीचं वाचतं. पट्टीवर धरलं की बरोबर. गाडी उघड्यावर उभी करा, बंद शेडमध्ये मुळीच नको, आणि ९०० फेऱ्यांवर २५ मिनिटं सोडा. दर दोन मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत. घाई करू नका, पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या गाड्या शहाण्यासारख्या वागतात.

आत जाणारं पाणी १०४ आणि बाहेर येणारं ९९, म्हणजे फरक फक्त ५ अंश असेल, तर पाणी फिरतंय, पण त्याची उष्णता घ्यायला हवाच नाही. दोष हवेच्या बाजूला. उलट १०१ आत आणि ७० बाहेर, असा फरक मोठा असेल, तर पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळून छान गार होतंय, पण पुरेसं फिरत नाही. दोष पाण्याच्या बाजूला. आणि फरक मधला, १२ ते १५ अंश, तरीही काटा मिनिटामिनिटाला चढतोच आहे, तर हवा आणि पाणी आपापलं काम करतायत. इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता पाण्यात ओततंय.

हे तीन आकृतिबंध लक्षात ठेवले, की "परत तेच झालं" या वाक्याचा अर्थ लागतो. बहुतेक वेळा परत आलेला दोष तोच नसतो. पहिला काढला म्हणून मागचा दिसायला लागलेला असतो, पण दोघांनाही दाखवायला डॅशबोर्डवर काटा एकच आहे.

एक गाडी, चार फेऱ्या

दोन वर्षांपूर्वी आलेली एक मार्क वन सांगतो. आधी दोन ठिकाणी जाऊन आलेली. नवा रेडिएटर फेब्रुवारीत बसवला होता आणि "महिनाभर बरी चालली" ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाहेर ८ अंश असताना. म्हणजे गाडी दुरुस्त झालीच नव्हती, थंडीने झाकली होती. इंग्लंडमध्ये कूलिंगचं काम हिवाळ्यात करून मे महिन्यात तोंडघशी पडणारे खूप आहेत. हिवाळ्यात काम केलंत, तर रेडिएटरचा अर्धा चेहरा पुठ्ठ्याने झाकून चाचणी घ्या.

पहिल्या दिवशी फरक ५ अंश. म्हणजे हवा. पंखा फिरत होता, आवाजही जोरात. मी नाकाच्या तोंडाशी कागद धरला. तो आत ओढला जाऊन जाळीला चिकटायला हवा होता. तो माझ्याच छातीवर उडाला. पंख्याच्या दोन वायरी उलट जोडलेल्या होत्या आणि पंखा रेडिएटरमधून हवा पुढे ढकलत होता. मोटरवेवर समोरचा वारा इतका जोरात असतो, की त्याच्यापुढे उलटा पंखा चालत नाही, म्हणून तिथे काटा शांत. वायरी बदलल्या. मग पंख्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं: बॅटरीवर १२.१, पंख्यावर १०.८. वायर बारीक आणि लांब, स्विचमधूनच सगळा करंट चाललेला, आणि अल्टरनेटरही रेसच्या मोठ्या पुलीवर असल्याने आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद फिरताना, झोपलेला. जाड वायर, रिले, चांगली अर्थिंग केली. व्होल्टेज नेहमी पंख्यावर मोजा. बॅटरीवर मोजून काही कळत नाही.

गाडी गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. आता काटा १०५ला जायला आठऐवजी अठरा मिनिटं लागत होती. फरक ८ अंश, म्हणजे हवेचंच काहीतरी अजून शिल्लक. रेडिएटरच्या चारी कडांना लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीने लावले आणि फक्त पंखा चालू केला. उदबत्तीचा धूर जास्त स्पष्ट दिसतो, पण जीटी४०ची पेट्रोल भरायची झाकणं पुढच्याच बाजूला असतात. तिथे निखारा नेऊ नका. डावीकडचे धागे पुढे, तोंडाच्या दिशेने ताठ उभे राहिले. रेडिएटरमधून निघालेली गरम हवा बाजूच्या दोन बोटांच्या फटीतून वळून परत समोर येत होती आणि पुन्हा आत ओढली जात होती. गाडी आपलीच ऊन हवा पीत होती. अॅल्युमिनियमचा पत्रा कापून, मूळच्याच बोल्टांवर बसवून, कडेला फोमची पट्टी लावून फट बंद केली. एकही नवं भोक पाडलं नाही.

त्याच वेळी पाण्यातली हवा काढली. या गाडीत ते सावकाशीने करायचं काम आहे. नाक जॅकवर एवढं उचला, की रेडिएटरचा ब्लीड स्क्रू सगळ्यांत उंच येईल. त्याला पारदर्शक नळी लावून दुसरं टोक पाण्याच्या बरणीत बुडवा. मागच्या टाकीतून हळूहळू पाणी ओता आणि बुडबुडे थांबेपर्यंत बसून राहा. मग नाक खाली, टाकी वर, पुन्हा तेच. आमच्या बरणीत वीस मिनिटं बुडबुडे येत होते. मध्येच एक मोठा ढेकर आला, आणि टाकीतली पातळी चार बोटं उतरली. ते एवढं पाणी आजवर गाडीत नव्हतंच.

हवा मोकळी झाली, पाणी भरलं, आणि आता वहीत आकडे आले: १०१ आत, ७० बाहेर. फरक ३१. हवेचा दोष जाताच पाण्याचा दोष उघडा पडला.

मालक वयस्कर, सज्जन गृहस्थ. त्यांनी विचारलं, "म्हणजे पहिल्यांदा काढलेला दोष चुकीचा होता का?" नव्हता. तो काढल्याशिवाय हा दिसलाच नसता. तसं मी त्यांना वहीतले आकडे दाखवूनच सांगितलं, नुसतं तोंडी नाही. गिऱ्हाईकाने तीनदा पैसे मोजले असतील, तर त्याला आकडे पाहायचा हक्क आहे.

पाणी कमी का फिरतं? क्रँकच्या आणि पंपाच्या पुलीवर खडूने एकेक रेघ मारली आणि क्रँक हाताने दहा वेळा फिरवला. पंप साडेसात वेळा फिरला. रेससाठी हे बरोबरच आहे: ७००० फेऱ्यांवर पंप फार वेगाने फिरला तर पात्यांमागे पोकळी तयार होते, पाणी फेसाळतं आणि पंप ढकलणंच सोडतो. म्हणून पंप मुद्दाम मंद ठेवायचे. पण ९०० फेऱ्यांवर पंचवीस टक्के कमी म्हणजे पाणी जेमतेम हलतंय. पंपासाठी लहान पुली खरादवर करून घेतली, जवळपास एकास एक. बदल्यात मालकांनी ६०००च्या वर न जाण्याचं कबूल केलं. रस्त्यावर त्याहून जास्त लागतही नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. इथे सगळीकडे सांगितलं जाणारं एक कारण खोडून काढतो: "थर्मोस्टॅट नसला की पाणी फार जोरात पळतं, त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही." हे चूक आहे. पाणी जितकं जास्त फिरेल तितकी उष्णता जास्त बाहेर पडते. थर्मोस्टॅट किंवा भोकाची चकती घातल्याने फायदा होतो तो वेगळ्या कारणाने: त्याच्या अलीकडे, ब्लॉकमध्ये, पंपाचा दाब वाढतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवतालच्या तापलेल्या जागी पाण्याच्या वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. शिवाय इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं, हे रस्त्यावर महत्त्वाचं. आम्ही ८२ अंशांचा घातला.

चौथी फेरी: टायमिंग

आता फरक १५ अंश, अगदी पाठ्यपुस्तकातला. तरी पंचवीस मिनिटं उभी केली की काटा ९९वर, आणि वर सरकतोय. हवा ठीक, पाणी ठीक. या टप्प्याला बहुतेक लोक मोठा रेडिएटर मागवतात. मी मात्र टायमिंग बघायची स्ट्रोब लाईट उचलली, आणि ती पहिल्याच दिवशी उचलायला हवी होती. रेसची गाडी म्हणून मी टायमिंग (पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) फक्त ३५०० फेऱ्यांवर बघितलं होतं. तिथे ३६ अंश होतं, बरोबर होतं, आणि मी पुढे गेलो होतो. ही माझी चूक.

९०० फेऱ्यांवर टायमिंग निघालं ६ अंश.

हे का तापवतं ते नीट समजून घ्या, कारण अनुभवी माणसंही इथे फसतात. इंजिनवर ताण नसताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरलेलं असतं, त्यात जुना जळका वायूही राहिलेला असतो. असं मिश्रण सावकाश जळतं. त्याला ठिणगी लवकर द्यावी लागते. साध्या रस्त्याच्या गाडीत हे काम व्हॅक्यूम अॅडव्हान्स, म्हणजे इंजिनच्या ओढीवर चालणारी डिस्ट्रिब्यूटरवरची डबी, करते. रेसच्या डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूमची डबी नसतेच, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा देणाऱ्या वेबर ४८ आयडीए कार्ब्युरेटरांवर तिला स्थिर व्हॅक्यूम मिळणारही नाही. मग ठिणगी उशिरा पडते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी मिश्रण जळतच असतं, आणि ती जळती धग पिस्टनला न ढकलता हेडमधल्या एक्झॉस्ट पोर्टच्या भिंतींना, म्हणजे थेट पाण्याला मिळते. वर इंजिन नीट ओढत नाही म्हणून आयडल टिकवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणजे अजून पेट्रोल, अजून धग. घाटात गाडी तापते ती ओझ्याने. ही तापत होती ओझं नसताना, आणि त्याचं कारण हे.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. गरम इंजिन आयडलला ठेवून डिस्ट्रिब्यूटर हळूच फिरवा आणि १६ ते १८ अंशांवर आणा. फेऱ्या आपोआप चढल्या, आवाज गोल झाला, एक्झॉस्टच्या नळ्यांची धग उतरली, तर रोग सापडला. आमच्याकडे फेऱ्या ९००वरून ११५०ला गेल्या.

पण तसंच ठेवून गाडी देऊ नका! वरचं टायमिंगही तेवढंच वाढलेलं असतं, ३६चं ४६ झालेलं असतं, आणि पूर्ण थ्रॉटलवर नॉकिंगने (मिश्रण अवेळी भडकल्याने) पिस्टन फुटेल. डिस्ट्रिब्यूटरमधला यांत्रिक अॅडव्हान्स कमी करायला हवा. पॉइंटची प्लेट काढली की खाली वजनं, स्प्रिंगा आणि खाचा असलेली एक पट्टी दिसते. आमच्या पट्टीवर १० आणि १५ असे दोन आकडे ठोकलेले होते. हे अंश डिस्ट्रिब्यूटरचे. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकचे दुप्पट: २० आणि ३०. गाडी १५च्या खाचेत होती: ६ अधिक ३०, बरोबर ३६. पट्टी अर्धा फेरा फिरवून १०च्या खाचेत बसवली: १६ अधिक २०, पुन्हा ३६. वरची ताकद तीच, खालचं टायमिंग दहा अंशांनी पुढे. एक पैचाही सुटा भाग लागला नाही.

तुमच्या पट्टीवर वेगळे आकडे असतील तर बेरीज स्वतः करा. ४.७ आणि ४.९ लिटरच्या या व्ही८ला आजच्या सुपर पेट्रोलवर एकूण ३४ ते ३६च्या पुढे मी जात नाही. दोन गोष्टी मात्र तपासा. स्प्रिंगा इतक्या हलक्या नकोत, की ९००वरच अॅडव्हान्स सुरू होईल; नाहीतर आयडल वरखाली डोलत राहील. आणि गरम इंजिनवर स्टार्टर मारून बघा. तो अडखळला, उलटा धक्का बसला, तर २ अंश मागे या. मग थ्रॉटल मिटवून चारही कार्ब्युरेटरांचा मेळ पुन्हा घाला, कारण आयडलला आता कमी हवा लागते. प्लग काढून रंग बघा. पांढरे फटक असतील तर आयडल जेट एक माप मोठा.

२५ मिनिटांनी वहीत आलं: ९१ आत, ७९ बाहेर. ४० मिनिटांनी ९२ आणि ७९. मी आणि मालक दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे होतो, आणि कुणी काही बोलत नव्हतं.

पाण्यात काय घालायचं

रेसहून आलेल्या गाडीत बहुधा नुसतं पाणी असतं. ग्लायकॉल (अँटीफ्रीझ) ट्रॅकवर सांडला तर घसरण होते, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी असते. नुसतं पाणी उष्णता जास्त चांगली वाहतं हे खरं आहे. पण बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि मध्ये साधं पाणी, म्हणजे आतून गंज आणि गाळ. पाणी काढताना ते तांबूस आलं, तर ब्लॉकच्या बाजूचे ड्रेन प्लग काढून तारेने आतला गाळ मोकळा करा. मागच्या सिलिंडरांपाशी तो चांगलाच बसलेला असतो. रस्त्यासाठी मी निम्मं ग्लायकॉल घालतो. साध्या हवेच्या दाबाला हे मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १ बारच्या झाकणाखाली १३०च्या जवळ. म्हणून झाकणाचा वायसर कडक झाला असेल तर काटा १०८ दाखवतानाच पाणी बाहेर येईल. झाकण गरम असताना कधीही उघडू नका. दाब सुटला की ते पाणी जागच्या जागी वाफ होऊन तोंडावर येतं.

हे करू नका

नाकाला नवी भोकं पाडू नका. मूळ पॅनेल कापून मोठा रेडिएटर बसवलेल्या गाड्या माझ्यासमोर आल्या आहेत, आणि त्यातल्या कुणाचंही टायमिंग तपासलेलं नव्हतं. एक्झॉस्टला पट्ट्या गुंडाळू नका. आतली धग कमी होते, पण पट्टी ओल धरते आणि जुन्या नळ्या आतल्या आत कुजतात. त्या आठ नळ्या परत वाकवून बनवणं किती जिकिरीचं आहे, ते एकदा बनवताना पाहिलं की पटतं. आणि एका वेळी दोन गोष्टी बदलू नका. पंखा आणि पुली एकाच दिवशी बदलली, तर वहीतले आकडे काही शिकवत नाहीत.

काढलेला प्रत्येक मूळ भाग लाकडी खोक्यात, तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी बांधून मालकाला द्या. या गाडीच्या खोक्यात रेसची पुली आहे, आणि चिठ्ठीवर लिहिलंय: "१० फेऱ्यांना साडेसात. ट्रॅकवर जाताना हीच बसवावी. डिस्ट्रिब्यूटर १५च्या खाचेत, आयडल ६ अंश."